महाप्रसादाच्या रांगेतली चित्रं

अमेरिकेतल्या श्रूजबरी गावात आमच्या शेजारी राहणारे अमेरिकन आजोबा चित्रकार होते. उमेदीच्या वयात त्यांनी माणसं रंगवली. गिरणी सुटल्यावर बसची वाट बघणाऱ्या बायका, बटाटे सोलत बसलेला बाप, खिडकीशी जागी असलेली म्हातारी. नेमकी तेव्हाच न्यूयॉर्कमध्ये नुसत्या रंगांच्या फटकाऱ्यांची फॅशन आली आणि चित्रात माणूस कुणालाच नकोसा झाला. आजोबा हटले नाहीत. शाळेत ड्रॉइंग शिकवून पोट भरलं आणि आयुष्यभर माणसंच काढली. मला असली हट्टी माणसं फार आवडतात, कारण मीही त्यांतलीच.

२००४च्या उन्हाळ्यात त्यांनी घर विकायला काढलं. मुलीच्या अपार्टमेंटमध्ये एवढ्या चित्रांना जागा नव्हती. "लोकांनी एकदा नीट बघितली असती, तर सोडून जाताना इतकं लागलं नसतं," ते मला म्हणाले. पूर्वी एकदा गॅलरीत लागली होती म्हणे, पण लोक वाइनचे ग्लास घेऊन चित्रांकडे पाठ करून गप्पा मारत राहिले. ऐकूनच माझं डोकं फिरलं.

आमचं मराठी मंडळ गणपतीसाठी शाळेचा हॉल भाड्याने घ्यायचं. मी मीटिंगमध्ये विषय काढला.

"अगं, लोक आरती करतात, जेवतात आणि पळतात. पेंटिंग्ज कोण बघणार?" अध्यक्षकाका म्हणाले.

"जेवणाची लाइन असते ना, त्या भिंतीवर लावू. जातील कुठे?"

गणपतीच्या दिवशी आजोबा टाय लावून आले आणि रांगेच्या टोकाला, प्लेट्सच्या टेबलापाशी उभे राहिले. सुरुवातीला रांगेत ग्रीन कार्ड आणि डे-केअर याशिवाय विषय नव्हता. पण मसालेभाताला उशीर झाला, रांग अडली, आणि हळूहळू माना भिंतीकडे वळल्या.

"यार, हा बटाटेवाला बघ. डिट्टो आमचे बाबा," एकजण म्हणाला.

एका चिमुरडीने खिडकीतल्या म्हातारीकडे बोट दाखवलं. "व्हाय इज शी अवेक?"

आजोबा तिच्याजवळ गेले. चित्रातली म्हातारी म्हणजे त्यांची आई, त्यांनी सांगितलं. मोठा भाऊ युद्धावर गेला तेव्हापासून ती रात्री अशी बसायची. मुलीच्या मागे नागपूरच्या एक काकू उभ्या होत्या, त्या चित्राच्या अगदी जवळ सरकल्या.

तेवढ्यात किचनमधून हाक आली, "भात आला, पुढे चला!" पुढची रांग सरकली, काकू तिथेच.

"काकू, लाइन पुढे गेली," मागून कुणीतरी म्हणालं.

"जाऊ दे. मी बघतेय."

त्यांना ओलांडून कुणीही पुढे गेलं नाही. भात गार होत होता, अध्यक्षकाका हातवारे करत होते आणि मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं.

"काय म्हणाल्या त्या?" आजोबांनी विचारलं.

मी इंग्रजीत सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पुन्हा सांग."