बिगुल वाजला आणि आई गेल्या

माझ्या सासूबाई गेल्या श्रावणात सकाळी वारल्या आणि दुपारी रिक्षाने परत आल्या. यात त्यांचा काही दोष नव्हता. दोष माझा होता, आणि थोडासा मराठी भाषेचा.

सासूबाई मूळच्या आंदर मावळातल्या. लग्न होऊन लोणावळ्याला आल्या त्या थेट नौदलाच्या कॅम्पच्या कुंपणाशेजारच्या दोन खोल्यांत. सासरे कॅम्पच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. कुंपणापलीकडे बिगुल वाजला की कुंपणाअलीकडे सासूबाईंचा दिवस हलायचा. पहाटेचा बिगुल झाला की चहाचं आधण, संध्याकाळी झेंडा उतरतानाचा झाला की देवापुढे दिवा. रात्री जेवणाचा बिगुल झाला की मात्र त्या नुसत्या बसून राहायच्या. कारण जवान जेवायला बसले की सासरे वाढायला उभे! सगळ्यांचं आटोपून ते घरी आले की मग दोघं जेवायची. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, पण सासूबाई त्या बिगुलानंतर थोडं थांबूनच ताट घ्यायच्या.

मग त्यांचा गुडघा गेला. वैशाली (माझी बायको, त्यांची एकुलती एक मुलगी) त्यांना तळेगावला आमच्या फ्लॅटवर घेऊन आली. त्यावरून त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे धोंडूमामा, गावाकडे रुसून बसला. "सख्खा भाऊ जित्ता असताना बहीण जावयाच्या दारात ऱ्हाती?" असं म्हणून त्याने बोलणंच टाकलं. सासूबाईंनी ते मनाला लावून घेतलं, पण बोलल्या नाहीत. बोलल्या त्या दुसऱ्याच गोष्टीबद्दल.

"जावईबापू, तुमचं घर लय चांगलं हाय. पर हितं सकाळ झाल्याचं कुणी सांगतच न्हाई."

"आई, घड्याळ आहे की समोर."

"घड्याळ सांगत न्हाई. आपुन त्याला इचारायला लागतं."

त्या खिडकीशी बसून राहायला लागल्या. सकाळी उशिरा उठायच्या, रात्री ताट पुढे घेऊन थांबून राहायच्या. कशासाठी, ते त्यांनाच कळायचं नाही. एकदा मला म्हणाल्या, "मला लोणावळ्याला सोडून या. पडले तर पडले." त्या रात्री मला झोप लागली नाही. सासूबाई म्हणून नव्हे हो. माझी आई मी कॉलेजात असताना गेली, आणि 'जावईबापू, जेवला का?' असं विचारणारं माणूस घरातून जाऊ द्यायची माझी अजिबात तयारी नव्हती.

तेव्हा मी ठरवलं, बिगुल इथेच आणायचा! इंटरनेटवर बिगुलांचा अख्खा संग्रह सापडला. नावं सगळी इंग्रजीत. कुठला कशाचा, याची चौकशी करण्याइतका संयम माझ्यात असता तर हा लेख झाला नसता. मी सगळे ऐकले आणि त्यातला सर्वांत गोड, सर्वांत संथ, ऐकताना अंगावर काटा येईल असा निवडला. झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठवायचं तर असं हळुवार उठवावं, एवढाच माझा विचार.

त्या दिवशी मी रजा टाकली होती. वैशाली आईंना गुडघा दाखवायला सकाळीच हॉस्पिटलात घेऊन गेली. घर रिकामं बघून मी गुपचूप चाचणी घ्यायचं ठरवलं. आमच्या सोसायटीच्या गणपतीचा स्पीकर आमच्याच माळ्यावर असतो. तो गॅलरीत मांडला, फोन जोडला आणि बटण दाबलं. आवाज बारीक करायची खुंटी निखळून माझ्या हातात आली आणि बिगुल अख्ख्या तळेगावभर वाजला!

पाच मिनिटांत दारावर टकटक. वरच्या मजल्यावरचे निवृत्त सुभेदारसाहेब! पांढरा झब्बा, डोक्यावर टोपी, कानामागे साबणाचा फेस. तक्रार घेऊन आलेत हे मी ओळखलं.

"साहेब, माफ करा," मी म्हणालो. "आवाज जरा मोठाच झाला."

"छे, छे! मोठाच पाहिजे. मान आहे त्यांचा. आई..."

"आई सकाळीच गेल्या."

सुभेदारसाहेबांनी टोपी काढली. "शांतपणे गेल्या ना?"

"कसलं शांतपणे! जिना उतरेपर्यंत कुरकुर चालली होती."

साहेबांनी दाराची चौकट धरली. "आता... कुठं आहेत?"

"हॉस्पिटलात. वैशाली आहे बरोबर. सोडायला दुपार होईल म्हणाली."

"हो, कागदपत्रांना वेळ लागतोच," साहेब म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही खचू नका. आणल्यावर पुन्हा एकदा वाजवा."

"अहो, त्यांच्यासाठीच तर आणलाय!"

साहेबांचे डोळे भरून आले. मला वाटलं, काय रसिक माणूस आहे! "बाकीचं आम्ही बघतो," असं म्हणून ते गेले. मी समजलो, स्पीकरच्या परवानगीचं बघतील.

थोड्या वेळाने खिडकीतून पाहतो तर खाली माणसं जमलेली. खुर्च्या मांडलेल्या. चेहरे गंभीर. ही स्पीकरविरोधी तातडीची सभा! मी पडदा ओढला. (शूर माणूस खाली जाऊन विचारतो. मी साबुदाणा भिजवायला घेतला.) पुन्हा डोकावलो तर वॉचमन बांबू घेऊन येत होता. गणपतीचा मांडव यंदा लवकर दिसतोय, म्हटलं. मग कुणीतरी मडकं आणलं. दहीहंडीसुद्धा? एकंदर सोसायटीत उत्साह फार!

रजेच्या दिवशी मी फोन मुका ठेवतो. त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा पाऊस पडत होता ते मला कळलंच नाही. (एकाने सवयीने 'हार्दिक अभिनंदन' टाकलं होतं. वैशाली या ग्रुपवर नाही. तिला स्वास्थ्य प्रिय आहे.) आमचा वॉचमन सासूबाईंच्या गावचा. त्याने गावाकडे फोन केला होता, हेही मला ठाऊक नव्हतं.

जेवायची वेळ होत आली तेव्हा गेटात एक जीप थांबली आणि आत भरलेलं अर्धं गाव बाहेर पडलं. पुढे धोंडूमामा.

"आक्का! माजी आक्का गं!"

मामा जिना चढून आला आणि मला मिठी मारून लहान मुलासारखा रडायला लागला. "चुकलो, जावईबापू! बोलायचं ऱ्हाऊन गेलं."

अखेर याला उपरती झाली तर! मी त्याच्या पाठीवर थोपटलं. "राहून कशाला जातंय, मामा? येतीलच आता. मग बोला निवांत."

मामाचं रडणं थांबलं. तो दोन पावलं मागे सरला. "कोण येतील?"

"आई."

मामाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तसं माझ्याकडे आजवर कुणी पाहिलेलं नाही. "सुभेदार! वर या!" तो जिन्यात ओरडला. "जावयाच्या डोक्यावर परिणाम झाला!"

नेमकी तेव्हाच रिक्षा आली. सासूबाई काठी टेकत उतरल्या, मागून वैशाली औषधांची पिशवी घेऊन. सासूबाईंनी बांबू पाहिले, मडकं पाहिलं, पदर डोक्यावरून घेतला आणि हळू आवाजात वॉचमनला विचारलं, "कोण गेलं रं?"

वॉचमनने हातातला बांबू पाठीमागे लपवला. "तुमीच, मावशी."

कुणी किंचाळलं, कुणी पळालं. सासूबाई मात्र एका रिकाम्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मग एवढ्या लोकांस्नी कुणी चहा तरी दिला का?"

मला खाली आणण्यात आलं. मी खरं ते सांगितलं. आईंना करमत नाही, बिगुलाशिवाय त्यांना सकाळ होत नाही, म्हणून उठवायचा बिगुल लावला. सुभेदारसाहेबांनी कपाळावर हात मारला.

"अहो, तो लास्ट पोस्ट आहे! जवान जातो तेव्हा वाजवतात! मी अंगाला साबण लावलेला, तसाच सावधान उभा राहिलो!"

सासूबाई हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "जावईबापू, मला उठवायचं व्हतं का निजवायचं व्हतं?"

मामा अजून जिन्याच्या पायरीवर उभाच होता. त्याच्याकडे बघून त्यांचं हसू ओसरलं. "धोंड्या, मेल्यावर आलास व्हय? जित्तेपणी वाट म्हाईत न्हवती?"

"तू जावयाकडं आलीस. माझ्या घरात तुला जागा न्हवती का?"

"जागा हाय रं. पर तुझ्या घराला केवढा चढ! ह्या गुडघ्यावर कशी येऊ मी? आन् तू तर इचारलंबी न्हाईस, नुसता रुसलास."

मामा खाली आला, त्यांच्या खुर्चीशी जमिनीवर बसला आणि त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवला. आणलेले हार सुभेदारसाहेबांनी हळूच गणपतीच्या देवळात पोचवले. मडक्यात आता आम्ही पिण्याचं पाणी ठेवतो. (थंड राहतं.) मामा दर रविवारी येतो, कधी इंद्रायणी तांदूळ घेऊन, कधी नुसताच.

सुभेदारसाहेबांनी मग योग्य बिगुल काढून दिले. आता पहाटे आमच्या घरात बारीक आवाजात उठवण्याचा बिगुल होतो. पहिल्याच दिवशी मी मोठ्या आशेने सासूबाईंच्या खोलीत डोकावलो. त्या डोळे मिटून, पांघरूण गळ्यापर्यंत ओढून, गालातल्या गालात हसत पडल्या होत्या.

"आई, बिगुल झाला. उठायचं ना?"

"मी कशाला उठू? जलमभर ह्याच्यावर उठून दुसऱ्यांसाठी चहा ठेवला. आता निसता ऐकते." मग एक डोळा उघडून म्हणाल्या, "तुमी उठलाय न्हवं? मग ठेवा आधण."

तेव्हापासून रोज पहाटे बिगुल वाजतो, सासूबाई पडून ऐकतात, वैशाली कूस बदलते, आणि आमच्या घरातला एकुलता एक जवान गॅस पेटवून सावधान उभा राहतो. दूध उतू गेलं की त्याला शिक्षाही होते.