सतरा जणांचा दहा नंबर

आमच्या शेजारच्या हरेशने धसईच्या भातगिरणीला आपला पहिला प्रोग्राम दिला, तेव्हापासून तो किन्हवलीत जमिनीच्या दोन बोटं वरून चालायचा. भात भरडायला आलेल्याचं नाव टाकायचं, नंबराची चिठ्ठी बाहेर येणार. एवढंच काम. पण स्थळाचं कूळ तपासावं तसा प्रोग्राम आधी संगणकाला विचारायचा, तुझी विंडोज कितवी, घरगुती की धंद्याची? अकराच्या खालची सांगितली, की रांगेच्या नंबराऐवजी तेच उत्तर चिठ्ठीवर छापून गप्प.

गिरणीवाल्या भगीरथशेठांनी संगणक आणला नवाकोरा, विंडोज अकराचा. सकाळी कमळूला चिठ्ठी मिळाली, १०. भिमीला १०. मलाही १०. तासाभरात आम्ही सतरा जण दहावे.

पोती आत घेणारा धर्मा कागदाचा पक्का. "एक नंबर कोन हाय?"

कोणीच नाही.

"मग थांबा."

"माझा दहा आदीचा हाय रे," कमळूच्या मागून आलेली भिमी म्हणाली. "या कमळूचा मागचा."

भगीरथशेठ म्हणाले, "हरेश, बारापर्यंत गिरणी चालू नाय झाली, तर उद्यापासून पाटी नि खडू. तुझा प्रोग्राम घरी ने."

हरेशने घाम पुसत कोड उघडला. मला म्हणाला, "काका, विंडोज अकराच आहे. पण कोडमधून विचारलं की दहा सांगते."

"आपली धोंडीबाई वीस वर्षं पन्नाशीचीच आहे, तसं?"

"तसंच. म्हणून तिचा आतला बिल्ड नंबर बघायचा. बावीस हजार किंवा वर, म्हणजे अकरा."

"बरोबर. मी पण तिला वय विचारत नाय, नातू कितवीत ते विचारतो."

"आणि शेठ, ही होम आहे. घरगुती."

"गिरणीत बसून घरगुती?" शेठ दुखावले. हरेशने बिल्ड नंबर घातला आणि घरगुतीचा प्रश्नच काढून टाकला.

पावणेबाराला त्याने चाचणी म्हणून स्वतःचं नाव टाकलं. चिठ्ठी आली, १. मग कमळूला २, भिमीला ३. हरेशचा चेहरा उजळला.

"एक नंबर, हरेश," धर्माने पुकारलं. "भात आन."

"अरे, मी नुसतं चालतंय का बघत होतो."

"कागदावर नाव हाय."

बाराला पाच कमी. शेवटी कमळूने आपलं एकुलतं पोतं पुढे ढकललं. "घे बाबा, माझंच तुझ्या नावावर घाल. तांदूळ मातर मला."

हरेशने पोतं ओढत आत नेलं. गिरणी धडधडली, शेठांनी घड्याळ बघून मान हलवली. प्रोग्राम राहिला.

भरडून झाल्यावर धर्मा दारात आला. "दोन नंबर, कमळू. भात आन."