सावेली असलेला एकच फोटो

आमच्या झारेच्ये गावातल्या प्रत्येक मयताचा शेवटचा फोटो सावेलीने काढलेला आहे. उघडी शवपेटी अंगणात, भोवती सगी माणसं, आणि समोर सावेली, गळ्यात काळा प्लास्टिकचा स्मेना कॅमेरा. कॅमेरा स्वस्तातला, पण माणूस घोड्याला जपतो तसा तो त्याला जपायचा. आभाळ पाहून भिंगाभोवतीची चकती उन्हाच्या किंवा ढगाच्या खुणेवर आणायची, अंतर नजरेनेच मोजायचं. घरोघरी त्याचे फोटो. त्यात तो मात्र कुठेच नाही.

आई फ्योक्ला गेली तेव्हा त्याने पहिल्यांदाच कॅमेरा दुसऱ्याच्या हाती दिला. शहरातून आलेल्या धाकट्या भावाच्या, वेन्याच्या.

"मला आईजवळ उभं राहायचंय. खटका ओढ आणि बटण दाब. मग हे चाक फिरव, नाहीतर फिल्म पुढे सरकत नाही."

"दादा, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

देवकोपऱ्यातली संत निकोलाची जुनी, मोलाची तसबीर आपल्यासोबत पुरावी, एवढीच आईची इच्छा होती. "मी स्वतः ठेवली, कफनाखाली," वेन्या म्हणाला. सावेलीने त्याला घट्ट मिठी मारली.

त्या रात्री कॅमेरा वेन्याकडेच राहिला. सकाळी तो परत देऊन निघताना त्याने दोनदा विचारलं, "फिल्म दे ना, शहरात धुवून पाठवतो." पण फिल्म अर्धीच झाली होती. अर्धी फिल्म सावेली कोणाला देतोय!

गवत कापून झालं, बटाटे निघाले, तेव्हा कुठे ती संपली. सावेलीने ती धुतली आणि न्हाणीत लाल दिवा लावून मला हाक मारली. "ये शेजारी, बघ तरी मी कसा दिसतो!"

पाण्यातल्या कागदावर आधी सावेली उमटला, टोपी हातात धरलेला. मग आई. मग आईच्या चेहऱ्यावरून आणखी काही वर येऊ लागलं: दारूचा पेला, पेल्यावर पावाचा तुकडा, आणि त्याला टेकवलेली संत निकोलाची तसबीर. आकार कळावा म्हणून बाजूला काडेपेटी.

वेन्या चाक फिरवायला विसरला होता; एकाच जागी दोन फोटो उतरले होते.

गेलेल्या माणसाच्या नावाचा पेला, वर पाव ठेवून, आम्ही माती देऊन परतल्यावरच भरतो.

"गिऱ्हाइकासाठी," सावेली हळूच म्हणाला. "आईला पुरून आल्यावर."

"फाडून टाक."

"माझा आईबरोबर दुसरा आहे का?"

आईच्या वर्षदिनाला वेन्या मिठाईचा डबा घेऊन आला. देवकोपऱ्यात, तसबिरीच्या रिकाम्या जागी, तोच फोटो चौकटीत लावलेला. वेन्या डबा हातातच धरून जवळ गेला.

"फिल्म खराब निघाली का रे दादा?"

"नाही, फिल्म चांगली होती," सावेली म्हणाला. "बैस, जेवून घे. नाहीतर तुझी बस चुकेल."