धुतलेला पोशाख

सोमवार, सकाळचे सहा वाजून बेचाळीस मिनिटं. टेक्सासमधल्या वेब्स्टरला, महामार्गालगतच्या एका बिनखिडक्यांच्या इमारतीत व्हर्लीन ह्रुस्का अंतराळपोशाखाच्या गळ्यातून आत डोकं घालून वास घेत होती. पोशाख शुक्रवारी दुपारी अंतराळस्थानकावरून परत आला होता. तिनं डोकं बाहेर काढलं तेव्हा तिचा चेहरा ओकारी आल्यासारखा झाला होता.

"लिंबू," ती म्हणाली.

टेरेल ब्रूसार्ड हा एकवीस वर्षं तिच्याबरोबर काम करणारा तंत्रज्ञ. त्याला आधी कळलंच नाही. "काय म्हणालात, मिस व्हर्लीन?"

"लिंबाचा वास येतोय. आठ महिने माणसं ह्यात घामेजली, मुतली, एक जण ओकलासुद्धा. आणि ह्याला लिंबाचा वास! कुणी धुतला हा?"

परत आलेल्या पोशाखाला व्हर्लीननं हुंगल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, अशी इथली रीत. ती कुठल्याही नियमावलीत लिहिलेली नाही, त्यामुळे मोडायला सोपी.

ह्या पोशाखाच्या बाबतीत ती मोडणं सर्वांत महागात पडणार होतं. वर असताना त्याच्या शिरस्त्राणात पाणी शिरलं होतं, चमचाभर. अहवालात त्याला 'किरकोळ ओलावा' म्हटलं गेलं. वजनरहित अवस्थेत पाणी खाली ओघळत नाही. ते चेहऱ्याला चिकटून नाकापर्यंत पसरतं आणि माणूस कोरड्या आकाशात बुडून मरू शकतो. ह्याच घडणीचा दुसरा पोशाख अजून स्थानकावर होता आणि गुरुवारी एक बाई तो घालून बाहेर पडणार होती. पाणी का शिरलं, हे शोधायला जमिनीवर एवढा एकच पोशाख होता. तो आता लख्ख चकचकीत होता.

व्हर्लीन एकसष्ट वर्षांची आहे. मध्य टेक्सासातल्या चेक लोकांच्या वस्तीत तिच्या वडिलांचं मटणाचं दुकान होतं. सॉसेजसाठी डुकराची आतडी उलटी करून धुणं, हे नवव्या वर्षापासून तिचं काम. कुठलं आतडं खराब आहे हे डोळ्यांआधी नाकाला कळतं, हे ती तिथं शिकली. पुढे यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन ती ह्या कंपनीत आली, तेव्हा तिला पहिलं काम मिळालं अंतराळवीरांच्या लंगोटांचं. किती मूत्र मावतं, किती गळतं, हे चार वर्षं तिनं मोजलं. विभागातल्या पुरुषांनी तिच्या मेजावर तान्ह्या बाळाची चोखणी टांगून ठेवली होती. तिनं ती काढली नाही. लंगोटानंतर हातमोजे आले. कडक हातमोज्यांत अंतराळवीरांची नखं काळी पडून निघतात. ती नखं डबीत घालून, चिठ्ठी लावून तिनं कपाटात जपली. नवरा क्लिअर लेकला बोटी विकायचा. तुझ्या हातांना वास येतो, असं सांगून तो निघून गेला. ती म्हणते, वास येत होता हे खरंच आहे.

शेवटची अकरा वर्षं तिच्याकडे पोशाखातलं पाणी आहे. ते शरीराभोवती नळ्यांतून फिरतं, अंग थंड ठेवतं, आणि श्वासातला दमट भाग बाजूला काढणाऱ्या यंत्रातून जातं. त्या यंत्राची भोकं सुईच्या टोकाएवढी आहेत. ती बुजली, की पाणी हवेबरोबर शिरस्त्राणात जातं.

सात वाजता क्रेग विटमायर आला. वय एकेचाळीस, विभागप्रमुख, दात फार पांढरे.

"शनिवारी पाहुणे होते, व्हर्लीन. खासदार, त्यांच्या बायका, फोटोवाले. मुतानं पिवळा पडलेला पोशाख दाखवायचा होता का त्यांना?"

"हो."

"बरं, झालं ते झालं. तू उघडून बघ. काही सापडलं नाही तर 'दोष आढळला नाही' लिही आणि सही कर. त्यात खोटं काय आहे?"

"मढ्याला आंघोळ घातलीस, पावडर लावलीस, आणि आता मला विचारतोस, कशानं मेला?"

"बुधवारी दुपारी बारापर्यंत," क्रेग म्हणाला. "नाहीतर मी दुसऱ्या कुणाची तरी सही घेईन."

तो गेल्यावर टेरेलनं सफाईवाल्यांना फोन लावला. पुसायची फडकी, पोशाखातलं पाणी गाळणारी जुनी गाळणी, सगळं त्यांनी मागच्या मोठ्या कचरापेटीत टाकलं होतं. गाळणी बदलली कशाला? तर ती फार घाण दिसत होती. कचरागाडी नऊला येणार होती.

शनिवारी पाहुण्यांना मेजवानी होती. दोन दिवसांच्या उन्हात पेटीतल्या उरलेल्या भाजक्या बरगड्या फुगल्या होत्या. कोबीच्या कोशिंबिरीवर अळ्या वळवळत होत्या. अंतराळपोशाखाच्या आकाराचा केक अर्धा खाऊन फेकलेला होता, डोकं शाबूत. ह्या घाणीत व्हर्लीन मांड्यांपर्यंत उतरली. टेरेल दुसऱ्या टोकाला होता.

"आज काय काम केलंस, असं बायकोनं विचारलं तर काय सांगू?"

"सांग, रॉकेट बनवलं."

"ती म्हणेल, मग ह्या अळ्या कुठल्या ग्रहावरच्या?"

"तोंड मिट. अळी जाईल."

आठ पन्नासला निळी पिशवी हाती लागली. आत गाळणी होती. तिच्यावर न्हाणीघराच्या मोरीत साचतो तसा करडा, बुळबुळीत थर होता. व्हर्लीननं तिथंच उभं राहून हुंगलं. कुजलेलं अंडं, आणि त्यामागे जळक्या प्लास्टिकचा वास.

दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली जंतूंची साय दिसली आणि सायीत अडकलेले डिंकाचे पापुद्रे. पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या आतलं अस्तर ज्यानं चिकटवतात तोच डिंक. गाळणीतून निसटलेले पापुद्रे यंत्राची भोकं बुजवायला पुरेसे होते. दोन्ही पोशाखांचं अस्तर एकाच दिवशी, एकाच डब्यातल्या डिंकानं चिकटवलं होतं.

"कचऱ्यातला पुरावा?" क्रेग म्हणाला. "बरगड्यांचा रस्सा लागलाय त्याला."

"बाहेरून लागलाय. मी आतली घडी कापून बघितली. शिवाय रश्श्यात पंपाचा डिंक नसतो."

तिनं तपासणीच्या कागदावर लिहिलं: पोशाख आधीच धुतल्यामुळे पूर्ण तपासणी अशक्य. गाळणी कचऱ्यातून मिळाली, अन्नानं माखलेली. दुसरा पोशाख वापरू नये. खाली सही केली, सोबत सहा फोटो जोडले आणि मंगळवारी कागद थेट अंतराळफेऱ्यांना मंजुरी देणाऱ्या उड्डाण मंडळाला पाठवला.

त्या संध्याकाळी क्रेगनं तिला दोनदा फोन केला. डिंकाबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही. चौथ्या फोटोत गाळणीशेजारी चघळलेलं हाड दिसतं, तेवढा फोटो काढून टाक, अशी त्याची विनवणी होती. तिनं काढला नाही.

बुधवारी सकाळी मंडळानं गुरुवारचा अंतराळफेरा रद्द केला. पत्रकात त्याला 'वेळापत्रकातील सुधारणा' म्हटलं आहे. पोशाख कुणी धुतला, का धुतला, ह्यावर एक ओळ नाही. त्याच दिवशी खासदारांच्या कचेरीतून उत्तम पाहुणचाराबद्दल क्रेगच्या नावे आभाराचं पत्र आलं. त्यानं ते चौकटीत बसवायला दिलं आहे.

स्थानकाच्या उद्याच्या, गुरुवारच्या, छापील वेळापत्रकात सकाळी सव्वाआठ ते साडेअकरा हे काम आहे: दुसऱ्या पोशाखाची गाळणी काढणे, न पुसता पिशवीत बंद करणे.