बांध कोणाचा?

पेणच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान टाकलं, तेव्हा दारात एक बाक ठेवला. गिऱ्हाईक माल घेऊन जातं, किस्से मात्र बाकावरच राहतात. त्यातले निम्मे दोघांचे. दामूअण्णा, मिठागर कामगारांच्या युनियनचे, पक्के मार्क्सवादी. आणि गणूमास्तर, ज्यांना सरकार नावाची वस्तूच नको होती. दोघंही आता नाहीत. एकाच खाडीकाठच्या गावचे, दोघांची भातशेती एकाच मातीच्या बांधाआड. बांध फुटून खारं पाणी शिरलं, की तीन वर्षं भात विसरायचं!

*

एकदा मी विचारलं, "तुमच्यात फरक काय हो?"

अण्णा म्हणाले, "सरकार आधी कामगारांनी ताब्यात घ्यायचं. वर्ग संपले, की ते आपोआप गळून पडेल."

"गळून?" मास्तर हसले. "खुर्चीवरून आपण होऊन उठलेला एक माणूस दाखवा!"

मला माझे वडील आठवले. लकवा झाला तरी त्यांनी त्यांच्या दुकानाची गादी सोडली नव्हती.

*

मास्तरांनी मिठागरावर अध्यक्षाविना सभा घेतली. सगळे गोल बसले, सगळे बोलले. अंधार पडला तरी ठराव नाही! पुढच्या आठवड्यात अण्णांनी सभा घेतली. पाच मिनिटांत संप ठरला.

एक बाई मला म्हणाली, "शेट, ठरला खरा, पन आमाला कोनी इचारलंच नाय!"

*

रोह्याच्या मोर्चात दोघांना पकडलं. हवालदाराने दरडावलं, "सरकारच्या विरोधात कोण?"

"मी या सरकारच्या," अण्णा म्हणाले.

"मी सगळ्याच!" मास्तर म्हणाले.

तिथेच जुंपली. हवालदार वैतागला, "आधी आपसात मिटवा, मग नावं लिहितो!"

*

बांधाची जुनी रीत अशी: फुटला की हाळी द्यायची, घरटी एक माणूस घमेलं घेऊन हजर. हुकूम कोणाचाच नाही. मास्तर छाती काढून हे सांगायचे.

अण्णा म्हणायचे, "गरिबाने जन्मभर फुकट चिखल वाहायचा?" त्यांनी अर्जांवर अर्ज केले आणि बांध सरकारकडे गेला. गावात गुलाल उधळला. मास्तर त्या दिवशी घराबाहेर पडले नाहीत.

*

मग भादव्यातल्या उधाणाला, मध्यरात्रीच्या भरतीत, बांध फुटून खांड पडली. दुपारच्या भरतीआधी ती बुजली नाही तर सगळी शेतं जाणार.

अण्णा कचेरीत धावले. साहेब म्हणाले, "पाहणी होईल."

मास्तर दारोदार हाळी देत फिरले. ओट्यावरून उत्तर आलं, "मास्तर, बांध सरकारचा हाय ना आता?"

खबर लागताच मी टेम्पोत तीस घमेली टाकून पोचलो. खांडीत दोनच माणसं, कमरेएवढ्या चिखलात.

"सरकार येईपर्यंत धरू, मास्तर," अण्णा म्हणाले.

"लोक येईपर्यंत, अण्णा."

भरतीला तास उरला होता. मी घमेली उतरवायला लागलो.