चंदेरी रंगाच्या पट्ट्या

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. बायकोपाशी नाही, भावापाशी नाही. तुमच्यापाशी बोलायचं ठरवलं तर सरळ बोलावं — पण सरळ म्हटलं की जीभ आधी दुसरीकडेच वळते. तर थोडं दुसरीकडचं ऐकून घ्या.

आळेफाट्याला माझं फॅब्रिकेशनचं दुकान. गेट, ग्रिल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, जयंतीच्या कमानी — सगळं करायचो. नव्वद सालानंतर इकडं बागायत वाढली, बंगले झाले, आणि माझी चलती सुरू झाली. पाटी रंगवून घेतली तेव्हा लिहिलं, ‘लोखंडी व इतर सर्व कामे होतील.’ ते ‘व इतर’ माझ्या डोक्यातून निघालेलं. त्यात काय काय येईल याचा विचार कोण करतो?

गिऱ्हाईक आलं की मी आधी प्रवचन द्यायचो. ट्रॉलीला जाड चॅनल, टाकीच्या स्टँडला अँगल, गोठ्यात सारखी ओल असते तिथं जस्ताचा पाइप, साधं लोखंड तिथं गंजून जातं. धातू बरोबर निवडला की निम्मं काम झालं, हे माझं ठेवणीतलं वाक्य. माणसं माना डोलवायची. मला ते लई आवडायचं, खोटं कशाला बोलू?

खोटं कशाला बोलू — बघा, हेही सवयीनं लिहून गेलो.

रमेश माझा मावसभाऊ, निरगुडसरचा. त्याची मुलगी सुजाता. तिला लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय वाळला. त्या पायाला कॅलिपर लागायचा — दोन्ही बाजूंनी धातूच्या पट्ट्या, मांडीला आणि पिंढरीला चामड्याचे पट्टे, खाली बूट. पुण्याला एका शिबिरात मिळालेला. तो घालून पोर शाळेत जायची, शेताच्या बांधानं एकटी. पण मुलं वाढतात, कॅलिपर वाढत नाही. तो आखूड पडला, आणि पुण्यात नवीन मिळायला वर्षभर थांबा म्हणाले.

रमेश पोरीला घेऊन दुकानात आला. जुना कॅलिपर माझ्या हातात दिला.

“आण्णा, तुमी एवढाल्या ट्रॉल्या बनवता. ह्या दोन पट्ट्यांचं काय घेऊन बसलाय?”

हातात घेतला आणि कळलं. अल्युमिनियम. पिसासारखं हलकं. आणि माझ्या दुकानात अल्युमिनियमची एक पट्टी नव्हती. कधी आणलीच नव्हती, त्या कामाला हातही लावला नव्हता. तेवढं म्हणायचं होतं — रमेश, हा माल माझ्याकडं नाही, पुण्याहून आणू, एक दिवस जाईल. काय अवघड होतं त्यात? पण दुकानात दोन-चार माणसं बसलेली. आणि बाहेर ती पाटी.

मी म्हणालो, “परवा घेऊन जा.”

ग्रिलच्या कामातली लोखंडी पट्टी उरली होती. ती कापली, वाकवली, कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या. जुन्या कॅलिपरचे पट्टे आणि बूट त्यालाच रिबिटनं बसवले. काम देखणं झालं, आजही म्हणेन. मग — गेटच्या वरच्या भाल्यांना आम्ही चंदेरी रंग मारतो ना, तो मारला. दोन हात.

तो रंग मी का मारला? गंजू नये म्हणून, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत होतो.

रमेशनं विचारलं, “अल्युमिनियमच हाय ना?” मी म्हणालो, “मग काय तर!” सुजातानं घातला, चार पावलं टाकली आणि म्हणाली, “काका, लई जड हाय वो.” मी म्हणालो, “नवं हाय. सवय झाली की हलकं व्हईल.” लोखंड सवयीनं हलकं होतं, असं मी एका लेकराला सांगितलं. धातूवर प्रवचनं देणारा मी.

इथंच थांबलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, होतं असं, धंद्यात माणूस बढाई मारतो. पण खरी गोष्ट अजून पुढंच आहे.

दोनेक महिन्यांनी रमेश आणि कमलवहिनी तिला घेऊन पुन्हा आले. पोर शाळेला जायला कां-कूं करते, वाटेतच बसून राहते, आणि वर म्हणते की कॅलिपर लोखंडाचा आहे. वहिनी अवघडून म्हणाल्या, “भावजी, तुमीच समजवा हिला.” दुकानात ट्रॉलीवाली गिऱ्हाइकं होती. सुजातानं दप्तरातून फुटक्या स्पीकरचा लोहचुंबक काढला. शाळेत नुकतंच शिकवलं होतं त्यांना. खाली वाकली आणि तो गुडघ्याखाली पट्टीला लावला. टक्कन चिकटला.

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी हसलो. म्हणालो, “अगं येडे, आत रिबिट लोखंडाचे हायेत, त्याला चिकटतंय ते.” आणि रमेशकडं वळून म्हणालो — हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं — “पोरीला चालायचा कंटाळा हाय, बाकी काय नाय.”

रमेशनं तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडली नाही. बापाकडं तिनं पाहिलंही नाही, माझ्याकडं पाहिलं. तिनं चुंबक लावला होता त्या जागी रिबिट नव्हता. ते तिला दिसत होतं आणि मलाही. मग ओढून चुंबक काढला आणि दप्तरात ठेवला.

वर्षभर ती ते लोखंड ओढत होती. मांडीला पट्टा घासून जखमा झाल्या. अर्धे दिवस शाळा बुडली, आणि ती नापास झाली. घरात तिचं नाव ‘आळशी’ पडलं. मग पुण्याचा नवा कॅलिपर आला आणि पोर पहिल्याच दिवशी बांधानं चालत शाळेत गेली. माणसं काय म्हणाली असतील? म्हणाली, “आली बया एकदाची वळणावर!” मीही तेच म्हणालो.

पुढं ती शिकली. डी.एड. करून शिक्षिका झाली. नोकरी लागली तेव्हा रमेशनं अंगणात मांडव घालून जेवण दिलं. मी पंगतीत बसलो होतो. रमेश वाढता वाढता सगळ्यांना कौतुकानं सांगत होता, “ल्हानपणी लई आळशी व्हती ही! आण्णांना इचारा. चुंबक दावून फसवायला निघाली व्हती आमाला!” पंगत हसली. सुजाता जिलबीचं ताट धरून माझ्या समोर उभी होती. ती हसली नाही. ती थांबली होती. मी बोलेन म्हणूनच थांबली होती, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

मी म्हणालो, “लई आळशी,” आणि पानावर हात आडवा धरला. जिलबी नको म्हणून.

ती पुढच्या पानाकडं गेली.

मला लाज वाटते. त्या पट्ट्यांची वाटते, पण त्या पंगतीची जास्त वाटते. दुकानात मी घाबरलो होतो असं तरी म्हणता येईल. पंगतीत कशाला घाबरलो? कुणाला?

रमेश वारला. शेवटी आजारात सुजातानंच त्याचं सगळं केलं. मी भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, “आण्णा, आळशी पोर बघा कशी राबतीय.” ती पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. मी तेव्हाही मान डोलवली. तो तेच समजून गेला.

पट्ट्या लोखंडाच्या होत्या, रमेश. तुझी पोर खरं बोलत होती.