ईश्वरीचा घरी न्यायचा डबा

टेम्पोत गादी, कपाट आणि गॅसची शेगडी चढली तेव्हा मंगल, तू दारात उभी होतीस. आपल्या घरात सून म्हणून येऊन तुला वर्षही झालं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "पोरीसाठी चाललाय, तर जा. पन हितं काय कमी हुतं?" चार वर्षांच्या ईश्वरीला ऐकू येत नव्हतं, आणि गावात तिला चार पोरांत बसायला जागा नव्हती, एवढंच कमी होतं.

अंगणवाडीच्या हजेरीत तिचं नाव होतं. पण तिथल्या बाई म्हणायच्या, "तिला गानी-गोष्टी काय कळत्यात? डबा आना, खिचडी घरी न्या." मी रोज डबा घासून न्यायचे, वर त्यांचे आभारही मानायचे. पोरीला पंगतीत बसवा, असं एकदाही म्हणाले नाही. ते अजून खातं मला.

नगरला सावेडीत दोन खोल्या घेतल्या. शेती तुझ्या नवऱ्यावर सोडून यांनी एमआयडीसीत नोकरी धरली. ईश्वरी रिक्षाने कर्णबधिरांच्या शाळेत जाऊ लागली, हातांनी बोलायला शिकली. आता बारा वर्षांची आहे, हुशार आहे. सोसायटीतल्या मुली खाली खेळतात, ती गॅलरीतून बघते.

मग तुझा सोहम झाला. त्यालाही ऐकू येत नाही म्हटल्यावर मी रडले, आणि खरं सांगते, मेलं मन आतून म्हणालं, आता मंगललाही कळेल. पण तोवर अंगणवाडीत नव्या ताई आल्या होत्या. त्यांनी सोहमला पुढे बसवलं आणि खुणा सगळ्याच पोरांना शिकवल्या.

परवा दिवाळीला आलो तर तुझ्या अंगणात सात-आठ पोरं सोहमशी हातांनी भांडत होती. त्यातल्या एका चिमुरडीने ईश्वरीला खुणेनं नाव विचारलं. ईश्वरीने आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला तर विचारत नाही ना! मग ती त्यांच्यातच मातीत बसली, ती अंधार पडेपर्यंत.

"आक्का, ईश्वरीला मैतर गावलं बघा," तू हसून म्हणालीस. मी जळत होते. तुझ्यावर, त्या ताईंवर, चार वर्षांच्या सोहमवरसुद्धा.

सावेडीत परतल्यावर ईश्वरीने हातांनी विचारलं, "घरी परत कधी जायचं?" घरातच उभी राहून विचारलं. आठ वर्षं मी तिच्यासाठी घर मांडत होते गं, आणि ते तिला तुझ्या पोराने दिलं.